सर्वांना कळविले

“कणसे, हे मरण कशाला घातलंत प्रोग्रॅममध्ये?”

खलाटे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यावर वाकले होते. चष्मा कपाळावर, हातात चहाचा कप. पडद्यावर सगळ्यात वर मी सकाळीच टाकलेली एक ओळ होती, तिच्यात ‘ऑटोडाय’ असा शब्द होता, आणि सगळ्यात खाली प्रोग्रॅम बंद पडल्याचा निरोप.

“मरण नाही सर. काही फसलं तर थांब, एवढंच सांगितलंय त्याला.”

“तीन वर्षं न थांबता चाललाय ना? मग आजच कशाला हा मुहूर्त? बाराला दारं उचलायची आहेत.”

पावणेदहा झाले होते. एक मेची सुट्टी, मग रविवार, आणि आज तीन तारखेचा सोमवार. ऑफिस अजून जागं होत होतं. मी म्हणाले, “एक फाइल सापडत नाहीये सर. पाच मिनिटं द्या.” साहेब मान हलवत आपल्या केबिनमध्ये गेले.

मी धरणाच्या एका उपविभागीय कार्यालयात कंत्राटी संगणक चालक होते. नदीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांना माझा राग यायला नको. वय सत्तावीस, बी.एस्सी. कॉम्प्युटर, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, “हर्षदा, तुझ्या तोंडाला जरा लगाम घाल, नाहीतर सासर मिळायचं नाही.” सासर मिळालं पुढे, पण लगाम काही बसला नाही.

आमच्याकडचं काम समजायला सोपं आहे. पावसाळा सरला की धरणाखालची नदी म्हणजे नुसती वाळू. खालच्या तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजना त्या नदीवर जगतात, म्हणून महिना-दीड महिन्यानं धरणातून पाणी सोडायचं. ह्याला आवर्तन म्हणतात. सोडायच्या आधी नदीकाठच्या गावांना कळवायचं, कारण कोरडी नदी म्हटल्यावर माणसं तिच्यात उतरलेली असतात. कुणी वाळू भरतो, कुणी शेरडं चारतो, कुणी झऱ्यावर धुणं धुतं. आणि धरणापासून चार किलोमीटरवर तर कलिंगडं-काकड्या लावणारी दहा-बारा भोई कुटुंबं दिवाळीपासून मेअखेर पात्रातच झोपड्या घालून राहायची, लेकराबाळांसकट. दार उचललं की अर्ध्या-पाऊण तासात पाणी तिथं पोचतं, आणि ते चढताना विचारत बसत नाही.

पूर्वी ह्या कळवण्यासाठी शिपाई सायकलवर जायचे. मग पत्रं जायला लागली, ती आवर्तन संपल्यावर पोचायची. मग मी आले आणि एक प्रोग्रॅम लिहिला. तो दोन याद्या वाचायचा, वरच्या गावांची आणि खालच्या गावांची, आणि त्यातल्या प्रत्येक मोबाइलवर संदेश पाठवायचा. शेवटी एक कागद छापायचा, आणि त्याच्या तळाला ऑफिसच्या भाषेत दोनच शब्द: सर्वांना कळविले. साहेब त्यावर सही करायचे, कागद फायलीला लागायचा, आणि मगच धरणावर फोन जायचा, दार उचला म्हणून. त्या कागदाशिवाय आमच्याकडे पाण्याचा थेंब हलत नसे. ह्या पद्धतीचा मला भारी अभिमान होता.

प्रोग्रॅम पर्ल नावाच्या भाषेत होता. मोठी सोशिक भाषा. तिला म्हटलं ही फाइल उघड, आणि फाइल उघडली नाही, तर ती बिचारी आरडाओरडा करत नाही. हळूच ‘नाही’ म्हणते आणि पुढच्या कामाला लागते. ते ‘नाही’ ऐकायचं की नाही, हे आपण ठरवायचं. म्हणजे दर वेळी तिला विचारावं लागतं, बाई गं, जमलं का? पुस्तकात पानोपानी बजावलेलं असतं, विचारा, विचारा. मी विचारत नसे. कंटाळा, दुसरं काय! चालतंय की, मग कशाला उगाच प्रत्येक ओळीला शेपूट लावा?

आदल्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली, “अगं, आता विचारायची पण गरज नाही. वर ऑटोडायची एक ओळ टाकायची. मग काहीही फसलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथं थांबतो आणि आपणहून बोंब मारतो.” मला ते आवडलं. कष्ट न करता शहाणपण मिळत असेल तर कुणाला नको? सोमवारी आल्या आल्या ओळ टाकली, चालवून बघितलं, आणि त्यानं बोंब मारली.

पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ एवढाच: खालच्या गावांची यादी उघडता येत नाही, अशी फाइलच नाही, ओळ एक्केचाळीस.

मला वाटलं, काहीतरी नावाची गडबड असेल. शोधलं. ह्या फोल्डरमध्ये नाही, त्या फोल्डरमध्ये नाही. सगळा संगणक पालथा घातला. मग आठवलं. ऑक्टोबरात ऑफिसला नवा संगणक आला होता. जुन्यातल्या फायली पेनड्राइव्हवरून मीच आणल्या होत्या, दिवाळीच्या गडबडीत, एका हातानं फराळाचा डबा खात. एक राहिली. आणि जुना संगणक जानेवारीत भंगारात गेला.

मी बोटं मोजली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीअखेर, फेब्रुवारी, मार्चअखेर. पाच आवर्तनं. पाचही वेळा प्रोग्रॅमनं वरच्या गावांना संदेश पाठवले, खालची यादी उघडायला गेला, ती नव्हती, हळूच ‘नाही’ म्हणाला, आणि पुढे जाऊन छापलं, सर्वांना कळविले. खालच्या नऊ नंबरांना सात महिन्यांत एक अक्षर गेलेलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार पात्रातल्या माणसांचा नाही आला. पहिला विचार आला तो जूनचा. जूनमध्ये माझं कंत्राट संपत होतं, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि हे बाहेर आलं तर मला कुणी दारात उभं करणार नव्हतं. माणसांचा विचार त्याच्यामागून आला, पण आला तो बसून राहिला. पाच वेळा काही झालं कसं नाही? काही झालं असतं तर तालुकाभर बोभाटा झाला असता. नशीब, म्हटलं. पण नशीब काय दर वेळी आपल्या घरी पाणी भरणार आहे का?

मी फोनला बसले. तहसीलमधून खालच्या गावांच्या पोलीस पाटलांचे नंबर मागितले. तीन मिळाले, तिघांना सांगितलं. चौथ्याचा फोन बंद, पाचव्याचा नंबर बदललेला. पण खरी भीती भोयांची होती. ती माणसं कुठल्याच गावच्या यादीत नसायची. त्यांच्या मुकादमाचा नंबर मी स्वतः तीन वर्षांपूर्वी पात्रात जाऊन आणला होता, आणि तो फक्त त्या हरवलेल्या फायलीत होता.

तिथून हाकेच्या अंतरावर आमचे केरबाआण्णा राहायचे. केरबा शेलार. नदीच्या मोजपट्टीवर रोज पाणी किती आहे ते बघून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम, तेहतीस वर्षांचं. पण आण्णांकडे फोन नव्हता, आणि ते शुक्रवारीच निवृत्त झाले होते. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर झालं होतं. त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नव्हतं.

साडेदहाला साहेब दारात आले. “झालं का?”

“सर, ती यादी मिळत नाही.”

“मग ती तुमची नवीन ओळ काढा. शुक्रवारपर्यंत चालत होतं तसं चालवा. अहो, खाली तीस गावांना टँकर चाललेत. कलेक्टर ऑफिसमधून सकाळपासून तीन फोन झाले मला. विहिरींचे तळ दिसायला लागलेत लोकांना. यादीचं उद्या बघा.”

साहेबांचं चुकत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी सकाळी काहीतरी नवं घुसडून चालत्या गाड्याला खीळ घातली. मी त्यांना ‘फाइल सापडत नाही’ एवढंच सांगितलं होतं. कुठली फाइल, कधीपासून, हे सांगितलंच नव्हतं.

मी ती ओळ काढली. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. काढली, प्रोग्रॅम चालवला, आणि तो गुणी बाळासारखा शेवटपर्यंत गेला. प्रिंटरमधून कागद आला, तळाला दोन शब्द. मी तो घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्यापुढे ठेवला.

साहेब सही करायच्या आधी तारीख घालायचे. त्यांनी शांतपणे तारीख घातली. माझं लक्ष त्यांच्या पेनाकडे होतं. मनात म्हणत होते, करा, करा लवकर सही, मग माझ्या हातात काही राहत नाही. त्यांनी ‘ख’ काढला.

“सर, सही करू नका.”

“का हो?”

“कळवलेलं नाही. भोयांना नाही, खालच्या निम्म्या गावांना नाही.”

त्यांनी कागद उचलून डोळ्यांपाशी नेला. “इथं तर लिहिलंय.”

“तो कागद नेहमीच तसं लिहितो सर. कळवलं तरी लिहितो, नाही कळवलं तरी लिहितो. मीच तसं करून ठेवलंय. खालची यादी ऑक्टोबरात माझ्याकडून हरवली. तेव्हापासून त्यांना एकदाही संदेश गेलेला नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं, ते मला चांगलं जमतं.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“म्हणजे माझ्या पाच सह्या.”

“हो सर.”

“मघाशी दारात आलो तेव्हा का नाही बोललात?”

“घाबरले. जूनमध्ये कंत्राट संपतंय माझं.”

“माझी निवृत्ती डिसेंबरात आहे,” साहेब म्हणाले. एवढंच म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं, फोन ओढला आणि धरणावरच्या शाखा अभियंत्याला सांगितलं, “मी सांगेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. कलेक्टर ऑफिसचा फोन आला तर माझ्याकडे वळवा.” फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. “जीप घ्या. पात्र रिकामं झालं की मला कळवा. स्वतःच्या डोळ्यांनी बघून कळवा. आणि आल्यावर लेखी खुलासा द्या.”

जीप दस्तगीरमामांची. म्हणजे सरकारची, पण तिच्यावर हक्क दस्तगीरमामांचा. मी म्हटलं, “मामा, जरा पळवा.”

“म्याडम, ही सरकारी गाडी. पळायची सवय नाही तिला.”

“भोई पात्रात आहेत मामा, आणि बाराला पाणी सुटणार होतं. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.”

मामांनी तोंडातला तंबाखू खिडकीबाहेर टाकला. त्यानंतर अठरा किलोमीटर त्यांनी गाडी अशी हाणली की माझं डोकं दोनदा टपाला आपटलं. मी मनात घोकत होते, पोहोचल्यावर काय ओरडायचं. आधी लेकरं वर काढा. मग म्हातारी माणसं. मग शेरडं. इंजिनं राहू द्या. पण भोयाचं इंजिन म्हणजे त्याचं सगळं वर्ष, ते तो कशाला ठेवतोय? आणि मी कोण, कुठली बाई, धावत येऊन सांगणार आणि ते ऐकणार?

पावणेबाराला काठावर पोचलो. मी उडी मारून उतरले आणि खाली बघितलं. पात्रात कुणी नव्हतं.

वेल होते उंच वाळूवर. खाली धारेलगत झोपड्यांच्या जागी नुसते खड्डे दिसत होते, चुलींची राख दिसत होती. माणूस एक नाही, शेरडू एक नाही. क्षणभर वाटलं, दार आधीच उचललं की काय! पण वाळू कोरडी ठणठणीत होती. मग मामांनी दंडाला धरून मला वळवलं. “म्याडम, तिकडं बघा.”

काठावरच्या बाभळींखाली अख्खी वस्ती बसली होती. बाजा, भांडी, इंजिनं, पाइपांची वेटोळी, कलिंगडांचा ढीग, बांधलेली शेरडं. पोरं झाडाखाली खेळत होती. आणि एका बाजेवर केरबाआण्णा बसले होते. अंगात निरोपाच्या दिवशीचे पांढरेशुभ्र कपडे, शेजारी पत्र्याची पेटी आणि वळकटी.

“आण्णा! तुम्ही इथं?”

“या म्याडम. कलिंगड खाता का?”

“ह्यांना वर कुणी काढलं?”

“म्याच. पहाटंच खालच्या चार गावांस्नी सांगून हिकडं आलतो. आज तीन तारीक न्हवं? पानी सुटायचं. धरनावर फळ्यावर लिवलंय की.”

मी आधी साहेबांना फोन लावला, तिसऱ्या खेपेला लागला. म्हटलं, सर, पात्र रिकामं आहे, खालच्या गावांनाही निरोप पोचलाय. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. साहेबांनी विचारलं, कुणी केलं? मी सांगितलं. ते म्हणाले, “बरं. मग बाराला उचलायला सांगतो.” फोन बंद झाला आणि मी आण्णांच्या बाजेपाशी खालीच बसले.

“आण्णा, दर वेळी तुम्हीच सांगायला येत होतात?”

“मग कोन येनार? पाच पाळ्या झाल्या. ही सहावी.”

“पायी?”

“सायकल हाय की. ह्यांस्नी सांगायचं, मग फुडं खालच्या चार गावांस्नी. आता वय झालं, वाईच दम लागतो.”

आता माझा राग उसळला. माझा राग असाच आहे, भलत्या वेळी येतो. “अहो, मग ऑफिसात का नाही सांगितलंत? सात महिने! एक शब्द बोलला असतात तर मी त्याच दिवशी दुरुस्त केलं असतं. तुम्ही आपले गुपचूप सायकल हाणत बसलात!”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, थोडं नवल होतं.

“म्या सांगितलंतं की म्याडम.”

“कुणाला?”

“तुमास्नीच.”

“मला? कधी?”

“नोव्हेंबर सरता सरता, वही द्यायला आलतो तवा. म्हनलं, म्याडम, खालच्या अंगाला मेसेज येत न्हाईत जनू, भोई म्हनत हुते. तुमी मशिनवर काय तरी करत हुता. मला कागद दावला. ‘हे बघा, सर्वांना कळविले, दिसतंय का?’ म्या म्हनलं, ते खरं, पर मानसं म्हनत्यात न्हाई आला. तवा तुमी म्हनला, ‘आण्णा, तुम्ही तुमची पट्टी बघा, मशीनचं मी बघते.’”

ते हसले. “मग म्या माजी पट्टी बगाय लागलो.”

मला हे आठवत नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, अजून आठवत नाही. पण ते वाक्य माझंच होतं, त्यात शंका नको. माझ्या तोंडची वाक्यं मी ओळखते. रोज तशी दहा वाक्यं मी कुणाकुणाच्या अंगावर फेकत असे, आणि फेकून झाली की विसरत असे. एक माणूस ते वाक्य खिशात घालून सात महिने सायकल हाणत होता, तेहतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या सात महिन्यांत, उन्हातान्हात. त्याला परत एकदा येऊन सांगायची हिंमत झाली नाही, कारण इथं सांगायला गेलं की काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

“आण्णा, चुकले मी.”

“असू द्या म्याडम. कामाच्या घाईत मानूस बोलतो.”

“आणि तुमची ही पेटी?”

“लेकाकडं चाललोय, तळेगावला. दोनची यष्टी हाय. आता तकडंच ऱ्हायाचं, सुनंला दिस गेल्यात. जाता जाता म्हनलं ह्यांस्नी वर घालावं आनि मग जावं.” मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “फुडच्या पाळीची तेवढी काळजी लागून ऱ्हायली हुती. हापिसात सांगावं तर परत तेच. आता तुमी आलायसा, बरं झालं.”

साडेबाराच्या पुढे पाणी आलं. आधी दुरून वाळूवर काळपट ओल सरकताना दिसली, मग तिच्यामागून फेस, काटक्या, पालापाचोळा. आवाज फारसा नव्हता. बघता बघता चुलींच्या राखेवरून गेलं, झोपड्यांच्या खड्ड्यांत भरलं, आणि मग त्या खड्ड्यांच्या जागा कुठल्या तेही कळेना. पोरं काठावर नाचत होती. मी झोपड्यांचे खड्डे आधीच मोजले होते. अकरा होते.

पाणी बघायला वस्तीतल्या बायका आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हातारी, हौसाबाई. मुकादमाची बायको. मुकादम गेल्याच साली वारला होता, हेही मला तिथंच कळलं. कडेवर वर्षाचा नातू. तिनं आण्णांना विचारलं, “ही कोन?”

आणि आण्णा म्हणाले, “ह्या आमच्या हापिसातल्या म्याडम. पानी सुटायचं ह्याच कळिवत्यात. म्या नुस्ता निरोप्या.”

हौसाबाईनं नातवाला खाली ठेवलं, ढिगातलं एक चांगलं मोठं कलिंगड निवडलं, आणि आणून माझ्या मांडीवर ठेवलं. “ऱ्हाऊ दे बाई. तुजं लई उपकार हायत. लेकरं घेऊन ऱ्हातो आमी पात्रात. रातच्याला झोप लागती ती तुज्या भरवशावर.”

आण्णा नदीकडे बघत होते. दस्तगीरमामा गाडी पुसत होते. मी ते कलिंगड घेतलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. आण्णांनी तर ते सगळं माझ्यासाठी नीट मांडून ठेवलं होतं.

“मावशी,” मी म्हटलं, “मी नाही कळवलं. दिवाळीच्या आधीपासून एकदाही नाही. तुमचा नंबर माझ्याकडून हरवला, आणि मला कळलंसुद्धा नाही. हे आण्णा स्वतःच यायचे. आज ते आले नसते तर तुम्ही खालीच असता.”

हौसाबाई खाली बसली. तिनं आधी पाण्याकडे बघितलं, मग हात लांब करून नातवाला ओढून मांडीवर घेतलं. एवढं घट्ट धरलं की पोरगं रडायला लागलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

“आनि आता हे चाललं तळेगावला,” ती म्हणाली.

“हो.”

“मग आता कोन सांगनार?”

“मी सांगेन.”

“कशी?”

“फोनवर. तुमचा नंबर द्या मला.”

“नंबर मला पाठ न्हाई.” तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक छोटा फोन काढला. “ह्यात तुजा घाल.”

मी माझा नंबर घातला, नाव घातलं, आणि फोन तिच्या हातात दिला. “झालं मावशी.”

तिनं तो पिशवीत ठेवला नाही. तसाच माझ्यापुढे धरला. “लाव.”

“काय?”

“लावून बघ की. झालं म्हनू नगं. वाजतोय का बगू दे मला.”

मी लावला. काही झालं नाही. तिथं रेंज धड नव्हती. मी म्हटलं, “मावशी, इथं रेंज नाही. पण नंबर बरोबर घातलाय मी.” ती उठली. नातवाला सुनेकडे दिलं, माझं मनगट धरलं, आणि मला घेऊन बाभळींच्या मागच्या बांधावर चढली. साठीची बाई, अनवाणी, पाय पोळत असणार. वर जाऊन परत म्हणाली, “लाव.”

परत लावला. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत फोन वाजला. मी तो काढून बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला.

“वाजू दे,” ती म्हणाली.

तो शेवटपर्यंत वाजू दिला तिनं. आपोआप बंद झाला, तेव्हा कुठं माझं मनगट सोडलं आणि बांध उतरून लेकरांकडे गेली.